मळमळीचा माग

"मावशी, उलटीत काय पडतं?"

"पित्तच पडतंय की सगळं," मावशींच्या आधी त्यांच्या मालकांनीच सांगून टाकलं.

"मालक, तुम्ही थांबा जरा. मावशींना बोलू द्या. रंग कसा असतो? हिरवट-पिवळं? कडू लागतं?"

मावशींनी पदर तोंडाशी धरला, थोडा विचार केला. "कडू न्हाई. आंबूस वास येतो. परवाची मेथी काल सांजच्याला तशीच्या तशी पडली."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा दवाखाना, बाहेर बाजाराच्या दिवसाची गर्दी. मावशींनी आणलेली कॅरीबॅग रिपोर्टांनी, सोनोग्राफीच्या कागदांनी आणि अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या पाकिटांनी फुगली होती. ती अजून कुणी उघडलीही नव्हती. तरी डॉक्टरांना जे हवं होतं, त्यातलं बरंचसं त्या मेथीत सापडलं होतं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शोध’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी ठरवलं, की आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत रोज चालणारा आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सुटणारा एक शोध पाहायचा. महिनोन्‌महिने मळमळतंय, अन्न पोटात ठरत नाही, वजन उतरत चाललंय आणि कारण कुणी सांगत नाही. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या उलटीमागचं कारण नेमकं सापडतं कसं, हे पाहायला मी नगर जिल्ह्यात हिंडलो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. बोलण्यात अजून नगरच येतं. चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. एका टोकाला अकोले तालुक्याचे पावसाळी डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेड-पाथर्डीचा कोरडा माळ, मध्ये प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस. दुखणी तर इतकी वेगवेगळी, की एकाच मळमळीला दहा उगम निघावेत.

परवाची मेथी

पित्त यकृतात तयार होतं आणि जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला अन्नात मिसळतं. उलटीत हिरवं-पिवळं कडू पाणी येत असेल, तर तिथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे असं समजतात. अन्न दीड-दोन दिवसांनी जसंच्या तसं बाहेर पडतंय आणि त्यात पित्ताचा मागमूस नाही, तर अडथळा त्याच्याही अलीकडे, जठराच्या खालच्या तोंडाशी असण्याचा संभव मोठा. घरच्यांनी चार महिने ‘पित्त’ म्हणून ज्याच्यावर औषध घेतलं, ते पित्त त्या उलटीत येतच नव्हतं.

"शेवटचं कधी खाल्लं?"

"काल दुपारी चार घास. सकाळपासून पाणी सुदिक न्हाई."

डॉक्टरांनी त्यांना टेबलावर निजवलं, बरगडीच्या खाली डाव्या अंगाला स्टेथोस्कोप टेकवला आणि दोन्ही हातांनी कंबर धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवली. मग स्टेथोस्कोपची टोकं माझ्या कानात दिली. अर्धी भरलेली घागर हलवल्यावर येतो तसा डुचमळण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. जेवल्या-प्याल्यावर लगेच असा आवाज कुणाच्याही पोटात येईल. इतक्या तासांच्या उपाशी पोटात तो येता कामा नये. जठरात कालचं पाणी आणि अन्न साठून होतं.

पुढचं काम दुर्बिणीचं. सतत उलट्या झाल्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असतं, म्हणून आधी ते सावरावं लागलं. मग जठर धुऊन एन्डोस्कोपी झाली. जठराचं खालचं तोंड जुन्या व्रणाच्या जखमांनी आकसलं होतं. तुकडा काढून तपासला, कर्करोग नव्हता. दुर्बिणीतूनच फुगा घालून तो रस्ता रुंद करता येणार होता.

पण डॉक्टरांचा शोध दुर्बिणीपाशी थांबला नाही. व्रण आला कुठून? मावशी आणि त्यांचे मालक पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. कंबर दुखो, ताप असो, पहाटे फडात उभं राहायचंच. त्यासाठी रोज एक, कधी दोन दुखण्याच्या गोळ्या, बहुतेक वेळा उपाशी पोटी आणि वर्षानुवर्षं. या गोळ्यांनी जठराचं अस्तर सोलून निघतं, व्रण होतो, तो भरतो, पुन्हा होतो आणि शेवटी तिथली वाट आवळते. पाच-सहा ठिकाणी दाखवूनही "दुखण्याची गोळी रोज घेता का?" हे मावशींना कुणी विचारलं नव्हतं, आणि ते सांगण्यासारखं काही आहे असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू. जठरातल्या आम्लात जीवाणू जगतो यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आज या जीवाणूवर दोन आठवड्यांच्या औषधांचा इलाज आहे. मात्र तो जीवाणू आहे का, हे आधी तपासायला हवं.

उलटीचे चार रस्ते

उलटी पोटातून बाहेर पडते, म्हणून कारणही पोटातच असणार असं आपण धरून चालतो. शरीराची रचना तशी नाही. उलटीचा हुकूम सुटतो तो मेंदूच्या खालच्या दांड्यातून, आणि तिथवर बातमी पोचायला चार रस्ते आहेत.

पहिला पोटाचा. जठर-आतड्याला सूज आली, ताण पडला, विषारी काही गेलं की व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून निरोप वर जातो. दुसरा रक्ताचा. मेंदूच्या बहुतेक भागात रक्तातले परके पदार्थ सहज शिरू शकत नाहीत. पण मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग असा आहे, की जिथे ही आडकाठी नाही. रक्तात साठलेलं युरिया, वाढलेलं कॅल्शियम, निकोटीन, औषधं, गर्भारपणातली संप्रेरकं या सगळ्यांची चाहूल त्याला आधी लागते. तिसरा रस्ता आतल्या कानाचा. एसटी घाटात वळणं घेऊ लागली की ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्यांना तो माहीत आहे. चौथा खुद्द मेंदूचा: भीती, किळस, अर्धशिशी किंवा कवटीतला वाढलेला दाब.

म्हणजे मूत्रपिंडं थकली तरी माणूस ओकतो, साखर अतोनात वाढली तरी ओकतो, डोळ्यातला दाब एकाएकी चढला तरी ओकतो. हृदयविकाराच्या झटक्यात, त्यातही मधुमेह असलेल्यांना, छातीत न दुखता नुसती मळमळ आणि घाम एवढंच होऊ शकतं, आणि ‘गॅस’ समजून सोडा प्यायला दिला जातो.

आपल्याकडचा ठरलेला उपचार मात्र एकच: आम्ल कमी करणारी गोळी, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि एक सलाईन. सलाईननं कोरड पडलेल्या शरीराला पाणी मिळतं, माणूस टवटवीत होतो, दोन दिवस बरे जातात. त्या दोन दिवसांत कारणाचा माग मात्र सुटतो. उलटी थांबवणारी औषधं मोलाची आहेत. केमोथेरपी घेणाऱ्या लाखो रुग्णांचं जिणं त्यांनी सुसह्य केलं. तीच औषधं कारण न शोधता महिनोन्‌महिने चालू राहिली, की खरं दुखणं झाकून टाकतात.

पिशवीतल्या गोळ्या

ज्या डॉक्टरांजवळ मी बसलो होतो, त्यांची एक पद्धत पाहण्यासारखी होती. रिपोर्टांच्या आधी ते पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतायला लावत. डब्यातल्या, पुडीतल्या, शेजारणीनं दिलेल्या, सगळ्या. "औषध काय घेता?" असं विचारलं तर माणूस फक्त डॉक्टरनं लिहिलेलं सांगतो. टेबलावर ओतल्यावर खरी यादी दिसते.

मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरुवातीला मळमळ आणते. मात्रा हळूहळू वाढवली तर ती बहुधा सोसते. क्षयाच्या औषधांनी यकृताला सूज आली तर पहिली खूण उलटी असते, कावीळ नंतर दिसते. अशा वेळी गोळ्या तशाच रेटणं जिवावर बेतू शकतं. हृदयासाठी दिलेल्या डिगॉक्सिनची मात्रा म्हातारपणी मूत्रपिंडं मंदावली की जास्त होते, आणि अन्नाची शिसारी येऊ लागते.

सर्वांत सहज निसटणारं कारण आहे ते व्हिटॅमिन डीचं. गुडघे दुखतात, अंग मोडून येतं म्हणून सहा लाख युनिटांचं इंजेक्शन दिलं जातं. एक डॉक्टर देतो, दुसऱ्याला ते ठाऊक नसतं, तोही देतो. चरबीत साठणारं हे जीवनसत्त्व महिनोन्‌महिने अंगात राहतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मग मळमळ, बद्धकोष्ठ, सतत लघवी, गळालेपण सुरू होतं. सोनोग्राफी आणि एन्डोस्कोपी दोन्ही ठीक येतात. रक्तातलं कॅल्शियम तपासलं की कोडं एका कागदावर सुटतं. पण इंजेक्शनांची आठवण कुणी काढली, तरच ती तपासणी लिहिली जाते.

पंगतीतला प्रत्येक जण

एकटा माणूस ओकतो तेव्हा त्याचा दिवस तपासायचा असतो. एकदम अनेक जण ओकू लागले, तर सगळ्यांच्या दिवसांतला सामाईक क्षण शोधायचा असतो.

नगर तालुक्यातलं पांगरमल हे गाव फेब्रुवारी २०१७ मध्ये राज्यभर माहीत झालं. जिल्हा परिषद निवडणुकीचा प्रचार चालू होता, जेवणावळीत दारू वाटली गेली आणि ती विषारी निघाली. अनेक घरांतले कर्ते पुरुष गेले. पोलिसांचा तपास पुढे जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनपर्यंत पोचला; बनावट दारू तिथे तयार होत होती, असं उघड झालं.

अशा दारूतलं मारक द्रव्य बहुधा मिथेनॉल असतं, आणि ते ओळखायला कठीण. प्यायल्याबरोबर नेहमीसारखीच नशा येते. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो. त्रास बारा ते चोवीस तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. मळमळ, उलटी, पोटदुखी. घरचे म्हणतात, काल जास्त झाली असेल. मग डोळ्यांसमोर धुकं किंवा बर्फ पसरल्यासारखं दिसू लागतं, श्वास जोरात चालतो. ‘उलटी आणि अंधुक दिसणं’ ही जोडी कानावर पडताच जो डॉक्टर "काल कुठं बसला होता, अजून कोण कोण होतं?" असं विचारतो, त्याला पुढचे रुग्ण घरातून उठवून आणता येतात. वेळेत डायलिसिस आणि उतारा मिळाला तर दृष्टी आणि जीव दोन्ही वाचतात.

भगरीची गोष्टही अशीच. २० फेब्रुवारी २०२४ ला, एकादशीच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा इथल्या हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद झाला, आणि रात्री शेकडो भाविकांना उलट्या सुरू झाल्या. खाटा पुरेनात, तेव्हा रस्त्याकडेला दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. उपवासाच्या भगरीनं मळमळ, चक्कर आणि हातापायांची थरथर झाल्याच्या घटना राज्यात पुन्हा पुन्हा घडतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि ती विष तयार करते. हे विष शिजवल्यानंही पुरतं जात नाही. म्हणून अन्न व औषध प्रशासन दर सणाला सांगतं, की सुटी भगर किंवा तिचं तयार पीठ घेऊ नका, पाकिटबंद घ्या, निवडून-धुऊन लागेल तेवढीच दळा.

इथे घड्याळ कामाला येतं. खव्याच्या मिठाईतल्या जंतूंचं तयार विष दोन ते सहा तासांत उलटी आणतं. मिथेनॉल दुसऱ्या दिवशी बोलतं. जेवण आणि पहिली उलटी यांत किती तास गेले, एवढ्या एका उत्तरानं निम्मी कारणं गळून पडतात.

फवारणीचा सदरा

राहाता, संगमनेर भागात डाळिंबाच्या बागा आहेत, कांदा तर जिल्हाभर. फवारणीच्या हंगामात दवाखान्यात तरुण मुलं येतात: डोकं दुखतं, तोंडाला पाणी सुटतं, संध्याकाळी ओकारी होते, सकाळी थोडं बरं वाटतं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातलं एक महत्त्वाचं विकर बंद पाडतात. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या आणि उलटी या तीव्र विषबाधेच्या खुणा आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा या विषाची पुरती ओळख राज्याला झाली.

रोज थोडं थोडं अंगात जाणारं विष मात्र गाजावाजा करत नाही. एका बागेच्या बांधावर मी फवारणी पाहत उभा होतो. तोंडाला ओला रुमाल, हातमोजे नाहीत, पाठीवरच्या पंपातून झिरपून सदरा मागून भिजलेला. कातडीतून आत जाणाऱ्या औषधाला तोंडावरचा रुमाल काय अडवणार? दुपारी तोच सदरा अंगात ठेवून भाकरी खाल्ली गेली. संध्याकाळी तो घरच्या बाईनं पोराबाळांच्या कपड्यांसोबत हातानं धुतला. म्हणजे उद्या मळमळीची तक्रार घेऊन ती बाई आली, तर तिला विचारायचा प्रश्न तिच्या नवऱ्याच्या कामाबद्दलचा आहे. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी यात मदत करते, पण ती लिहून द्यायची तर आधी फवारणी कानावर यायला हवी.

घरातलं दुसरं मुकं विष म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची आणि उठल्या उठल्या, उपाशी पोटी, बोटानं दातांना घासायची. कित्येक बायकांना तिच्याशिवाय सकाळ होत नाही. गिळलेलं निकोटीन रक्ताच्या रस्त्यानं मेंदूतल्या त्याच उघड्या भागापाशी पोचतं. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला या बायका खरेपणानं नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. "दात कशानं घासता?" असं विचारावं लागतं.

"दिवस गेलेत, होणारच"

गर्भारपणातल्या उलट्यांचं घरोघर कौतुक असतं, आणि बहुतेकींच्या त्या चौथ्या-पाचव्या महिन्यात थांबतातही. पण काही जणींच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नाही, लघवी गडद आणि थोडी होते, वजन झपाट्यानं उतरतं. त्यांनाही "आम्हांला नव्हतं का झालं?" म्हणून कामाला लावलं जातं.

या उलट्या नाजूकपणाच्या किंवा मनाच्या नाहीत, हे आता प्रयोगानिशी सिद्ध झालं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं जीडीएफ-१५ या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. गर्भाच्या बाजूनं ते आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या तळाशी जाऊन मळमळ उठवतं. जिच्या शरीराला दिवस राहण्यापूर्वी त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त. हे काम पुढे नेणाऱ्या मार्लेना फेझो यांनी स्वतः १९९९ मध्ये अशाच उलट्यांत पोटातलं बाळ गमावलं होतं.

दवाखान्यात पाळायची एक गोष्ट इथे जीव वाचवते. आठवडेच्या आठवडे ओकणाऱ्या बाईच्या अंगातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. तिला ग्लुकोजचं सलाईन देण्यापूर्वी थायमिन द्यायचं. नाही दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे फिरतात, तोल जातो, बडबड सुरू होते. जुळं किंवा द्राक्षगर्भ असेल तर उलट्या अधिक होतात, म्हणून सोनोग्राफीही लवकर करायची.

बाईच्या न थांबणाऱ्या उलट्यांना गावात आणखी एक कारण तयार असतं: कुणीतरी ‘खाऊ घातलंय’. मग पोटातलं ‘काढून देणाऱ्या’कडे नेलं जातं. तो पोटाला तोंड लावून चोखल्यासारखं करतो आणि केसांचा पुंजका किंवा काळा गोळा काढून दाखवतो. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे, पण लोकांचे पाय तिकडे वळतात, कारण तो भोंदू त्यांना काहीतरी कारण देतो. दवाखान्यातून ते ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढंच ऐकून आलेले असतात. कारण न सांगता परत पाठवलेला रुग्ण कारण सांगणाऱ्याकडेच जाणार.

सकाळची उलटी

लहान मूल सकाळी उठतं, डोकं दुखतं म्हणतं, एक मोठी उलटी करतं आणि नंतर हुशार होऊन शाळेत जातं. शाळेचा कंटाळा, जंत, दूध पचत नाही, अशी कारणं लागतात. जंताचं औषध होतं, दूध बंद होतं. आडवं झोपल्यानं कवटीतला दाब पहाटे वाढतो, आणि मेंदूच्या मागच्या भागात गाठ असेल तर तिची पहिली हाक हीच असते. मूल चालताना झोकांड्या खातं का, मान एका बाजूला कलती ठेवतं का, डोळे तिरळे होऊ लागलेत का, अक्षर बिघडलंय का, हे विचारायला काही खर्च येत नाही. डोळ्याच्या पडद्यामागची नस सुजली आहे का, हे साध्या उपकरणानं पाहता येतं. यातलं एक जरी आढळलं, तरी एमआरआयला वेळ दवडायचा नसतो.

उलट, काही मुलं ठरावीक काळानं दोन-तीन दिवस लागोपाठ ओकतात आणि मधले आठवडे अगदी ठणठणीत असतात. सॅम्युअल गी या इंग्लिश डॉक्टरनं १८८२ मध्ये या चक्राकार उलट्यांचं वर्णन केलं. अर्धशिशीशी त्यांचं नातं आहे. आई-मावशीची अर्धशिशी आणि कॅलेंडरवर केलेल्या खुणा यांतूनच त्या ओळखू येतात.

मोठ्यांमध्येही काही कारणं अशाच एखाद्या तपशिलाच्या आधारे सापडतात. हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडल्या आहेत, मीठ खावंसं वाटतं, उभं राहिलं की अंधारी येते: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निकामी होत असतील, आणि आपल्या देशात त्यामागे क्षय असू शकतो. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. बरीच वर्षं मधुमेह आहे, दोन घासांत पोट भरतं आणि साखर मनमानी वरखाली होते: जठराच्या नसा मंदावल्या असतील. गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा अंघोळ केली तरच मळमळ शमते असं एखादा तरुण सांगतो: गांजाबद्दल विचारावं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हा संबंध पहिल्यांदा मांडला, आणि गांजा सोडला की उलट्या थांबतात हेही दाखवलं. पुरती तपासणी होण्याआधी "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलेल्यांत यातले कितीतरी असतात, आणि त्यांत बायका जास्त.

जामखेडच्या बायका

हे सगळे प्रश्न विचारणार कोण? बाहेर पन्नास माणसं खोळंबली असताना एका रुग्णाला मिळतात दोन-तीन मिनिटं. नगर जिल्ह्यानंच याचं एक उत्तर पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होतं. बरे होऊन गेलेले रुग्ण तेच दुखणं घेऊन परत येतात, कारण दुखण्याचं मूळ घरात, पाण्यात, शेतात आणि जातीच्या उतरंडीत आहे, हे त्यांना तिथे उमगलं. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रत्येक गावानं आपली एक बाई निवडायची. अनेक जणी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन घराघरात बसायच्या. पोरांचं वजन, बाळंतपण, जुलाब-उलटीत मीठ-साखरेचं पाणी, क्षय, कुष्ठरोग हे सगळं त्यांनी हाताळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये काढलेल्या ग्रंथात या कामाला स्वतंत्र प्रकरण मिळालं, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशात २००५ नंतर उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्त्यांच्या योजनेआधी ही वाट इथे मळलेली होती.

दात कशानं घासते, फवारणीचे कपडे कोण धुतं, कंबरदुखीची गोळी किराणा दुकानातून आणते का, पाळी चुकली आहे का, सासू काय म्हणते: ही माहिती गावातल्या बाईकडे आधीच असते. तिला ती विचारावीही लागत नाही. मिश्रीची डबी चुलीपाशी आहे आणि फवारणीचा सदरा दोरीवर, हे ती रोज पाहते. तपासणीची यंत्रं वाढली ती चांगलीच गोष्ट आहे. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगर शहरात मोठी रुग्णालयं आहेत, दुर्बीण आणि स्कॅन पूर्वीइतके लांब राहिलेले नाहीत. कुठलं यंत्र कुणाला लावायचं, हे मात्र घराच्या माहितीवरूनच ठरतं.

विचारायची दहा मिनिटं

म्हणून माझी मागणी साधी आहे. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ मळमळ-उलटी चाललेल्या प्रत्येक रुग्णासाठी दवाखान्यात दहा मिनिटं राखून ठेवावीत आणि आशाताईंना एक छापील कागद द्यावा. त्यावर हे प्रश्न असावेत: उलटी दिवसाच्या कोणत्या वेळी होते, जेवणानंतर किती तासांनी, त्यात काय पडतं, वजन किती उतरलं, घरात-शेतात काम काय, गोळ्या-इंजेक्शनं कोणती झाली, पाळी कधी आली, घरात आणखी कुणाला होतंय का. सोबत साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृत आणि गरज असेल तिथे गर्भचाचणी, एवढ्या साध्या तपासण्या तालुक्याला व्हाव्यात. आशाताईनं भरलेला कागद रुग्णासोबत पुढच्या प्रत्येक डॉक्टरापुढे जावा.

घरच्यांनीही काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, छातीत दुखून घाम फुटला, पोट फुगून शौच-वारा बंद झाला, डोळा लाल होऊन दिव्याभोवती कडी दिसू लागली, माणूस बरळू लागला, लघवी होईनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच गाडी काढावी.

आणि दवाखान्यात गेल्यावर "पित्त झालंय" असं सांगू नये. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. आपण काल काय खाल्लं, कधी ओकलो, आदल्या दिवशी कुठे काम केलं आणि कोणती गोळी घेतली, हे मात्र आपल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. ते सगळं सांगावं, आणि डॉक्टरांनी मध्ये न तोडता ऐकावं.